डाव्या बाहीची शिवण

दुपारी दोन ते चार आमच्या शेडमध्ये सगळं जरा तरंगत असतं. सोल्यूशनचा वास डोक्यात चढलेला असतो. सायकलच्या पंक्चरला लावतात तसलंच हे सोल्यूशन, फक्त इथं ते मोठ्या डब्यांतून येतं आणि ब्रशनं लावतात. पंखे चालू, खिडक्या सताड उघड्या, तरी त्या दोन तासांत माणसांच्या कडा पुसट होतात. हाक मारली तर ती जरा उशिरा पोचते. खिडकीतून पेणबाहेरची भातखाचरं दिसतात, त्यांच्या मागं खाडीकडचा पांढुरका उजेड दिसतो, आणि तो उजेड बाहेर आहे की आपल्याच डोळ्यांत, हे कळेनासं होतं.

याच उजेडात, चिकटवायच्या लांब टेबलाच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला सहा वर्षं एक बाही टांगलेली होती. पिवळी, जाड, रबरी कापडाची, डाव्या हाताची. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या जोडावरची टेप सुटलेली, वाळलेल्या सालीसारखी लोंबणारी. खाली खडूनं लिहिलेलं, ‘असं चिकटवू नये’. आणि आतल्या बाजूला चिकटवणारीचा शिक्का, अकरा नंबर. टेबलावर नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला ती बाही दाखवायची, ही आमची रीतच पडून गेली होती. दाखवणारी सांगायची, “या बाईच्या हातून टेप नीट बसली नाही, आणि तिकडं धाटावला एका माणसाचा हात भाजला.” मुलगी मान हलवायची. मी पलीकडं तपासणीच्या टेबलावर बसलेला असायचो. ऐकायचो.

मी बोलका माणूस नाही. घरातसुद्धा बायको म्हणते, तुमच्याकडून शब्द काढायचा म्हणजे सुईत जाड दोरा ओवायचा. पण आता जे सांगायचं आहे ते गाळून सांगण्यासारखं नाही. ती टेप त्या बाईच्या हातून सुटली नव्हती. ती मी सोलली होती.

माझे वडील पेणच्या बाजारात शिवायचे. एक मशीन, एक बाकडं, भिंतीला मोजपट्टी. त्यांच्याकडं मी जे शिकलो ते एवढंच, की कपड्याचा भरवसा टाक्यावर. शिवून झालं की ते शिवण दोन्ही हातांत धरून कानाजवळ नेत आणि ताणत. दोरा कुरकुरला तर उसवून पुन्हा. नाही कुरकुरला तर हसत. मी लहानपणी त्या बाकड्याखाली चिंध्यांवर झोपायचो आणि मशीनचा आवाज झोपेत शिरायचा. अजूनही मशीन चालू असलं की मला पावलांपासून झोप चढते.

पुढं मी या शेडमध्ये लागलो. आम्ही केमिकल कारखान्यांत घालायचे सूट करतो, अंगावर ॲसिड उडालं तर ते ओघळून खाली जावं म्हणून. सुरुवातीला आम्ही ते शिवायचो आणि शिवणीवर सोल्यूशन फासायचो. मग शिवणं बंद झालं. कापडाच्या दोन कडा बोटभर एकमेकींवर चढवायच्या, मध्ये सोल्यूशन, वरून रोलर, आणि शेवटी जोडावर गरम हवेच्या मशीननं टेप बसवायची. सुई कुठंच नाही. आम्हा शिवणाऱ्यांपैकी बाकीचे सोडून गेले. मला तपासणीवर ठेवलं, कारण माझी नजर बारीक आहे असं मॅनेजर म्हणायचे. पण माझ्या खिशातल्या पाकिटात सुई असायचीच. आजही आहे.

त्याच सुमारास ती अकरा नंबरची बाई आली. जित्याहून रेल्वेनं यायची. माहेर खाडीकाठच्या मिठागरवाल्यांचं, सगळं बालपण बांधावर गेलेलं. शेडमध्ये तिला सगळे बाय म्हणायचे. रुंद अंगठे, नखं बारीक कापलेली, ब्रशच्या दांड्याला तिनं स्वतः चिंधी गुंडाळलेली. एकदा रोलर फिरवला की ती त्या जोडाकडं परत बघायची नाही. बाकीच्या मुली पुन्हा पुन्हा दाबायच्या, फुंकर घालायच्या. हिनं पुढच्या बाहीला हात घातलेला असायचा.

“जरा बघ तरी परत,” मी एकदा म्हणालो.

“बघायचं काय त्याच्यात मास्तर? बसलं ते बसलं.”

“टाका असता तर दिसला तरी असता. तुझं सोल्यूशन दिसतं का कुठं?”

ती हसली. “बांधात चिखल भरला का मंग तो वेगला दिसतो काय? बांधच दिसतो.” मग ब्रश माझ्याकडं रोखून म्हणाली, “तुमची सुई म्हंजे चिंबोरीच की ओ. आमच्या बांधाला चिंबोरी भोक पाडते, येवढंसंच. भरती आली का तेवढ्यातून पानी शिरतं नि बांध घेऊन जातं. तुमी तर एका वितीत पन्नास चिंबोऱ्या सोडता!”

माझ्या सुईचा खेकडा झालेला ऐकून टेबलावरच्या सगळ्या जणी हसल्या. एक म्हणाली, “काय गो बाय, मास्तरांना चिंबोरी बनवलंस!” त्यानंतर बरेच दिवस मी तपासायला गेलो की कुणीतरी हळूच म्हणायचं, “आली गो आली, चिंबोरी आली.” मीही हसायचो. पण मनात म्हणायचो, बोला. कापड ताणलं की कळेल.

माझी थोरली बहीण रोह्याला असते. तिचे यजमान, म्हणजे माझे भावजी, तेव्हा धाटावच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचे. अंगावर घालायचे ते आमच्याच शेडमधला सूट. एका रविवारी मी त्यांच्याकडं गेलो तर भावजींनी तो सूट पिशवीतून काढून माझ्या पुढ्यात टाकला.

“काय मेव्हणे, तुमचा माल सुटला की!”

मी पाहिलं. आत अकराचा शिक्का होता. डाव्या बाहीला मनगटापाशी टेपचं टोक नखाएवढं वर आलं होतं. रोज काढता-घालताना तिथं ओढ बसते, म्हणून. त्यानं काही बिघडत नव्हतं. जोड आत घट्ट होता. स्टोअरमध्ये नवा मागितला होता, पुढच्या लॉटमध्ये मिळणार होता.

“पंधरा दिवस थांबा,” मी म्हणालो.

“अरे, थांबवतोस काय,” ताई आतून म्हणाली. “बाबांचा मुलगा ना तू? घाल की एक टाका.”

तेवढं पुरलं. मी पाकिटातून सुई काढली. ताईनं नायलॉनचा पक्का दोरा दिला, मी तो मेणबत्तीवर ओढून घेतला आणि ओटीवर बसलो. अंगण सारवलेलं होतं. नदीकडून वारा येत होता. ताई तांदूळ निवडत वडिलांच्या गोष्टी काढत होती, ते गिऱ्हाइकाला कसे म्हणायचे, वीस वर्षांनी या, शिवण तीच असेल. मनगटापाशी दोन बोटं शिवलं असतं तरी काम झालं असतं. पण कित्येक वर्षांनी हातात सुई चालत होती. रबरी कापडातून ती जाताना बारीक झटका लागायचा, दोरा सरसर यायचा, मागचा टाका पुढच्याला धरून बसायचा. ताई बोलत होती, तांदळातले खडे पत्र्याच्या डब्यावर टणटण पडत होते. माझा हात थांबेना. मी कोपरापर्यंत गेलो. जिथं त्या बाईचा जोड दगडासारखा बसलेला होता, तिथंसुद्धा मी टेपवरून उलटी टीप घातली, सारख्या अंतरावर, वडिलांनी बघितली असती तर हसले असते अशी. मग शिवण कानाजवळ नेऊन ताणली.

“वा,” भावजी म्हणाले. “हे कसं, डोळ्याला दिसतंय तरी.”

मला त्या दिवशी परतीच्या गाडीत फार छान झोप लागली. कासू स्टेशन कधी गेलं कळलंसुद्धा नाही.

महिना-दीड महिन्यानं सकाळी ताईचा फोन आला. पाइपाच्या एका सांध्यातून ॲसिड उडालं होतं. भावजींच्या अंगावरून सगळं ओघळून गेलं, छातीवर कोरडं, पायावर कोरडं. फक्त डाव्या कोपरापाशी आत गेलं. हात दुमडलेला होता, तिथल्या घडीत ते साचलं आणि आत उतरलं. भावजी बरेच दिवस दवाखान्यात होते. जखम भरली, पण कातडी आखडली. आता त्यांचा डावा हात पूर्ण सरळ होत नाही. उभे असले की घड्याळात बघायला हात उचललाय आणि मध्येच विसरलेत, असं वाटतं.

तो सूट तक्रारीच्या पत्रासह आमच्या शेडमध्ये परत आला आणि रीतीप्रमाणे तपासणीच्या टेबलावर आला. म्हणजे माझ्या पुढ्यात. मॅनेजर तासाभरात येणार होते. दुपारचे अडीच वाजले असतील. मुली जेवून आळसावलेल्या, पंख्यांची घरघर, सोल्यूशनचा वास. मी ब्लेड घेतलं आणि माझे टाके एकेक करून कापले. दोरा बाहेर ओढला. एका जागी तो तपकिरी पडला होता. तुकडा राहिला नाही ना, हे बघायला मी बाही खिडकीकडं धरली.

भोकं दिसली. मनगटापासून कोपरापर्यंत, एका ओळीत, सारख्या अंतरावर, उजेडाचे टिंब. एवढे नेटके टिंब मी आयुष्यात पाहिले नव्हते. मी किती वेळ तसा धरून उभा होतो ते मला सांगता येणार नाही. खाडीकडचा तो पांढुरका उजेड त्यांतून आत येत होता आणि मला तिचं चिंबोरीचं बोलणं आठवत होतं, शब्दन्‌शब्द.

मग मी गरम हवेचं मशीन घेतलं आणि टेप कोपरापर्यंत सोलून काढली. टेप गेली की कापडावरची भोकं मिटल्यासारखी होतात. उजेडाला धरलं तरच दिसतात. उजेडाला धरायचं कुणाला सुचणार होतं? दोरा बोटाला गुंडाळून मी बॉबिनच्या डबीत टाकला.

मॅनेजर आले, बाही उलटीसुलटी केली. “टेप सुटलीय. नंबर कुणाचा?”

तिला बोलावलं. ती ब्रश हातात घेऊनच आली. तिनं सुटलेल्या टेपवरून अंगठा फिरवला, दोनदा. “साहेब, माझी टेप अशी नाय सुटत.”

“सुटलेली तुझ्या हातात आहे ना?”

तेव्हा ती माझ्याकडं वळली. “मास्तर, तुमी सांगा. रोज तपासता तुमी. माझी टेप सुटल्याली कवा बघितलीव?”

एकदाही नाही. चार वर्षांत एकदाही नाही. मी म्हणालो, “कधी कधी गरम हवा कमी पडते.”

एवढंच बोललो. त्या दिवसात बहुतेक तेवढंच बोललो असेन. ती माझ्याकडं बघत राहिली, रागानं नाही, आपलं काहीतरी विसरलंय का असं आठवत असल्यासारखी. मग टेबलापाशी गेली, रोलर पुसून ठेवला, पिशवी घेतली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. भावजींच्या कारखान्याला मॅनेजरनं कळवलं, टेप नीट बसली नव्हती, कामगाराला काढलं आहे. आणि बाही कापून खिळ्याला टांगली.

ही सहा वर्षं मी कशी काढली असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, अर्धवट झोपेत. काम चालू होतं. दर महिन्याला रोह्याला जात होतो, भावजींच्या हाताकडं बघायचं टाळत होतो. पण दुपारी दोन ते चार, त्या वासात, माझे डोळे उघडे असताना मला एक बांध दिसायचा. दोन्ही बाजूंना पाणी, आकाश पाण्यात पडलेलं, आणि बांधाला ओळीनं भोकं. मी वाकून प्रत्येकात अंगठ्यानं चिखल भरत चाललोय. मागं वळून बघितलं की भरलेली भोकं पुन्हा उघडी. चिंबोऱ्या कुठंच नाहीत. नुसतं पाणी आत जातंय, आवाज न करता.

यंदा आषाढात मी शेडमधून घरी चाललो होतो. वाटेत गणपतीचे कारखाने आहेत, त्यांतल्या एकाचं दार उघडं होतं. आता मूर्तींना रंगातलं पितांबर पुरत नाही, खऱ्या कापडाची धोतरं नेसवतात, गोंदानं चिकटवून. ओळीनं पंधरा-वीस गणपती बसलेले, आणि त्यांच्यामध्ये ती, पाटावर. मी थांबलो. तिनं एका मूर्तीच्या गुडघ्यावर निऱ्या बसवल्या, अंगठ्यानं दाबल्या, हात काढला. आणि मग नखानं निरीची कड उचलून बघितली. पुन्हा दाबली. पुन्हा नखानं बघितली. तिसऱ्यांदा.

ती कधीच परत बघत नसे. हे मला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

मी आत गेलो. तिनं वर बघितलं. “कोन? मास्तर?” केस कानाजवळ पांढरे झाले होते. “वाट चुकलाव काय?”

“बाय, मला काही सांगायचंय.”

“सांगा. पन उभ्यानं नको, गनपतीवर सावली पडते.”

मी खाली बसलो आणि सांगितलं. रोह्याची ओटी, दोरा, कोपरापर्यंत गेलेला हात, ब्लेड, सोललेली टेप. सांगताना माझा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटत होता. मध्येच ती म्हणाली, “थांबा, गोंद सुकतोय,” आणि एका गणपतीचा सोगा बसवला. मग म्हणाली, “हं.”

सगळं संपल्यावर तिनं हात पुसले आणि डावा हात माझ्यापुढं धरला. “कुठून कुठवर? दाखवा.”

मी बोटानं तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत हवेतच रेघ काढली.

“नि कोपरापाशी माझं घट्ट व्हतं?”

“घट्ट होतं.”

“परत बोला.”

“घट्ट होतं, बाय. सुई जाता जात नव्हती इतकं.”

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल चालू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता. “सहा वर्सं,” ती म्हणाली. “घरात पापड लाटला तरी कड बघते मी. पोरीच्या वहीला कव्हर घातलं तरी नखानं बघते. सासू म्हनते, काय गो, चिमटे काय काढतेस सगल्यांना.” मग एकदम माझ्याकडं बघितलं. “तुमच्या भावजींना सांगितलाव?”

“नाही.”

“मंग मना आधी का? मी परकी म्हनून सोपं वाटलं?”

खरंच सोपं वाटलं होतं.

“रविवारी जाऊ,” ती म्हणाली. “मी येते संगती. एकटे गेलाव तर तुमी कासूलाच उतराल.”

रविवारी ती जित्याला चढून आली, मी पेणला चढलो. डब्यात फार कुणी नव्हतं. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी. दोन्हीकडं हिरवं हिरवं, पाण्यात उभे बगळे, डोंगरांच्या कमरेला ढग. मला वाटत होतं ही गाडी अशीच जात राहावी, रोहा येऊच नये. गाडी हळू झाली.

“कासू आलं, मास्तर,” ती बाहेर बघतच म्हणाली. “उतरायचं हाय?”

“नाही.”

“मंग बसा.”

ताईनं तिला ओळखलं नाही. कशी ओळखणार, कधी बघितलेलंच नव्हतं. मी सांगितलं, या आमच्याकडं कामाला होत्या. चहा आला. भावजी खुर्चीत बसले होते, डावा हात तसाच अर्धा दुमडलेला. मी बॉबिनची डबी खिशातून काढली, झाकण उघडलं आणि तो दोरा टेबलावर ठेवला. तपकिरी टोक वर आलं. मग सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जातं असं नाही.

ताई उभीच राहिली, हातात बशी. “म्हणजे तुझ्या टाक्यानं?” एवढंच म्हणाली.

भावजींनी दोरा उचलला, बोटावर फिरवला. “मला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

दोरा त्यांनी पुन्हा टेबलावर ठेवला.

“दवाखान्यात पडल्या पडल्या कळलं. जळलं ते नेमकं शिवणीवर होतं. मी सगळ्या शिफ्टला दाखवलेला तो टाका, माझ्या मेव्हण्याचं काम म्हणून. नंतर ते विचारायला आले तेव्हा म्हटलं, मला काही आठवत नाही. तुझी नोकरी गेली असती. माझा हात तर गेलाच होता.” त्यांनी तिच्याकडं बघितलं. “बाईंना काढलं हे मला कुणी बोललं नाही. कामगाराला काढलं, एवढंच कळलं.”

“कामगार म्हंजे मीच ती,” बाय म्हणाली.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. “म्हंजे यांना ठाव, तुमाला ठाव. घरातल्या घरात सगल्यांना ठाव. येक मनाच नाय.”

“मलाही नव्हतं गो ठाऊक,” ताई म्हणाली आणि रडायला लागली. “मीच याला म्हटलं टाका घाल म्हणून.”

बायनं तिला जवळ बसवलं. वयानं ती ताईपेक्षा लहान, पण हात असा फिरवत होती जसा मोठी माणसं फिरवतात. भावजींकडं वळून विचारलं, “दुखतं?”

“थंडीत.”

“बघू.”

त्यांनी बाही वर केली. कोपराची कातडी गुळगुळीत, आखडलेली, निऱ्या पडल्यासारखी. तिनं हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “उद्या सोमवार. ती बाही अजून हाय ना वर? मना एका पोरीनं सांगितलेलं. तिथं सांगा. टेबलावर, सगल्यांच्या पुढं. मी येते.”

सोमवारी मी वेळेआधी पोचलो. मुली आल्या, मॅनेजर आले. ती आली, पण आत पाऊल टाकलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, पिशवी खांद्याला. मी स्टुलावर चढून खिळ्याची बाही काढली. सहा वर्षांची धूळ. फडक्यानं पुसली. मी सांगितलं, ही टेप हिच्या हातून सुटली नाही, मी सोलली. त्याआधी मी या बाहीत सुई घातली होती. त्या भोकांतून ॲसिड आत गेलं. विश्वास नसेल तर बघा. आणि बाही खिडकीकडं धरली.

मुली एकेक करून आल्या. एक लहानखुरी मुलगी, नुकतीच लागलेली, अगदी जवळ येऊन म्हणाली, “अगो बाय, केवढी भोकं!” आणि जीभ चावून दाराकडं बघितलं.

“हे आत्ता सांगताय मास्तर?” मॅनेजर म्हणाले. “आता काय उपयोग?” थोड्या वेळानं, दाराकडं बघून, “तुम्हाला यायचं असेल तर या परत. जागा आहे.”

“नको साहेब,” ती म्हणाली. “माझे सात गनपती अर्धे उघडे बसलेत.”

मी बाही तिच्यापुढं धरली. मला वाटत होतं ती घेऊन जाईल, जाळून टाकेल, खाडीत टाकेल. तिनं ती घेतली, आत-बाहेर बघितली. कोपरापाशी, जिथं टेप सुटली होती पण कापडाच्या दोन कडा अजून एकमेकींना धरून होत्या, तिथं तिनं दोन्ही अंगठे लावले आणि ओढलं. जोरात ओढलं. नाही सुटलं. तिनं परत बघितलं नाही.

“मना नको ही,” ती म्हणाली. “इथंच टांगा. पन नंबर बदला.”

तिच्यासमोरच मी ब्लेडनं अकराचा शिक्का खरवडला आणि काळ्या पेनानं लिहिलं, मास्तर. तिनं अक्षरं लावत लावत ते वाचलं आणि मग ती गेली.

मला तपासणीवरून काढलं. आता मी शेडच्या दुसऱ्या टोकाला बसतो आणि गाळायच्या पिशव्या शिवतो. कारखान्यांना त्या लागतात, आणि त्यांना भोकं असली तरी चालतात. दिवसभर मशीन चालतं. भावजी अजून माझ्याशी पहिल्यासारखेच बोलतात, ताई जरा कमी बोलते. गणपतीच्या कारखान्याच्या दारावरून जाताना मी आत डोकावतो. कधी ती मान हलवते, कधी कामात असते. नखानं बघते की नाही, हे मला तेवढ्या लांबून दिसत नाही.

बाही आता भिंतीला नाही, खिडकीच्या गजाला टांगलेली आहे. दुपारी दोननंतर, सोल्यूशनचा वास चढतो आणि सगळं तरंगायला लागतं तेव्हा, मागच्या उजेडानं तिची भोकं एकेक करून उघडतात. ती नवी मुलगी जेवण झालं की बाहीपाशी उभी राहून भोकं मोजते. कोपरापर्यंत जाता जाता तिची मोजणी चुकते, ती डोळे चोळते, आणि मनगटापासून पुन्हा सुरू करते.